बहात्तर तास

शनिवारी रात्री साडेअकराच्या सुमारास कंडोम निसटला. फाटला नाही, निसटला. हा फरक तेव्हा महत्त्वाचा वाटला नव्हता, नंतर वाटला. फाटला असता तर दोष कंपनीवर ढकलता आला असता. निसटला म्हणजे जे काही चुकलं ते आमचंच. आम्ही दोघं अठ्ठाविशीचे, तीन-चार महिन्यांची ओळख, एकमेकांच्या इच्छेनं एकत्र आलेले. कुणी कुणाला फसवत नव्हतं. लक्षात आलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "अरे, थांब." मग ती उठून बाथरूममध्ये गेली आणि मी मोबाइल हातात घेतला.

हा लेख त्या मोबाइल हातात घेण्याबद्दल आहे.

मी काय शोधलं ते सांगायला लाज वाटते, पण तेच मुद्द्याचं आहे. कंडोम निसटला तर एचआयव्ही होतो का. किती टक्के. लक्षणं किती दिवसांनी दिसतात. चाचणी कधी करायची. ती बाहेर आली तेव्हा मी स्क्रीन उलटी करून ठेवली. तिनं विचारलं, "ठीक आहेस ना?" मी म्हणालो, "हो, हो." रविवारी सकाळी ती तिच्या घरी गेली आणि मी दिवसभर वाचत बसलो.

मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. भीती वाटली की आकडा शोधायचा, ही माझी सवय. आकडे मिळाले. ते ठिकठिकाणी तेच आहेत, त्यामुळे इथे मांडतो. भारतात प्रौढ लोकसंख्येत एचआयव्हीचं प्रमाण साधारण ०.२ टक्के आहे, म्हणजे पाचशेत एक. जोडीदार बाधित असेल, उपचार घेत नसेल आणि कंडोम अजिबात वापरला नसेल, तर योनिमार्गे एका संबंधात पुरुषाला लागण होण्याची शक्यता सरासरी दहा हजारांत चार, म्हणजे अडीच हजारांत एक. समोरच्या व्यक्तीबद्दल काहीच माहीत नाही असं धरलं तर दोन्हींचा गुणाकार करायचा. पाचशे गुणिले अडीच हजार. साडेबारा लाखांत एक.

तुलनेसाठी म्हणून मी रस्त्यांचा आकडा घेतला. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत एक लाख अडुसष्ट हजारांहून जास्त माणसं मेली. एकशे चाळीस कोटींना भागलं तर सरासरी माणसाचा रस्त्यावर मरण्याचा धोका दिवसाला तीस लाखांत एक येतो. म्हणजे त्या रात्रीचा माझा धोका साधारण अडीच दिवस रस्त्यावर वावरण्याएवढा. मी रोज हिंजवडीला दुचाकीवरून जातो, कधीकधी हेल्मेटचा पट्टा न लावता. शिवाय रस्त्यावरचा आकडा मरणाचा आहे आणि इकडचा फक्त लागणीचा. सरकारी केंद्रांत एचआयव्हीची औषधं २००४ पासून मोफत मिळतात, वेळेवर सुरू केली आणि नियमित घेतली तर माणूस जवळपास नेहमीसारखं आयुष्य जगतो.

सरासरी ती सरासरीच. दुसरा एखादा गुप्तरोग असेल, किंवा बाधित माणसाची लागण अगदी ताजी असेल, तर धोका वाढतो. पण त्यात एक-दोन शून्यं वाढवली तरी हिशेब घाबरवणारा नव्हता. तरीही मी घाबरलेलो होतो. रविवारी रात्री तीन वाजता टॉर्च लावून आरशात जीभ बघत होतो. साडेबारा लाखांत एक हा आकडा कळूनही भीती तसूभर हलत नसेल, तर ती भीती त्या आकड्याची नव्हतीच. मग कशाची होती?

*

मी सांगलीकडचा. आमच्या गल्लीत एक ड्रायव्हरकाका राहायचे. मी पाचवी-सहावीत असताना ते वारले. कशानं, ते कुणी मोठ्यानं बोललं नाही, पण सगळ्यांना माहीत होतं. त्यांच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलावणं बंद झालं. एकदा त्या आमच्याकडे आल्या, आईनं चहा दिला, आणि त्या गेल्यावर तो कप मोरीत न टाकता बाहेर नळाखाली वेगळा घासला गेला. आई दुष्ट नाही. त्या कपानं काहीही होत नाही हे तिला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मला तरी कुणी सांगितलं होतं? शाळेत लाल फितीचं पोस्टर होतं, पण त्यावर कुणी बोलायचं नाही. २००७ मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांनी शाळांमधलं लैंगिक शिक्षणच थांबवलं. जीवशास्त्राच्या पुस्तकातला तो धडा आमच्या बाईंनी "घरी वाचून घ्या" म्हणून सोडून दिला. माझं एचआयव्हीबद्दलचं पहिलं शिक्षण म्हणजे तो वेगळा घासलेला कप.

रविवारी रात्री मला जी भीती वाटत होती ती विषाणूची कमी आणि त्या कपाची जास्त होती. मरणापेक्षा मला रिपोर्टवरचा तो शब्द दिसत होता आणि तो वाचणारे लोक दिसत होते. गंमत अशी, की त्याच सांगलीत १९९२ पासून 'संग्राम' ही संस्था काम करते आहे, आणि तिथल्या वेश्याव्यवसायातल्या बायकांनी 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' ही आपली संघटना उभी केली. गिऱ्हाइकानं कंडोम वापरलाच पाहिजे हे त्या बायकांनी एकमेकींच्या आधारानं लावून धरलं. मी इंजिनियरिंगची चार वर्षं आणि नोकरीची सहा वर्षं काढून जे मोकळेपणी बोलू शकत नव्हतो, ते माझ्या गावापासून थोड्या अंतरावर कमी शिकलेल्या बायका रोज बोलत होत्या. मला त्यांची माहिती झाली ती पुण्यात, वयाच्या सव्विसाव्या वर्षी.

*

सोमवारी सकाळी दहाला मी एका सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे आयसीटीसी म्हणून एक खोली असते, समुपदेशन आणि चाचणीची, मोफत. चौतीस तास उलटले होते. मी तास मोजत होतो, कारण वाचलं होतं की लागण टाळण्याची औषधं बहात्तर तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकं चांगलं, आणि मग अठ्ठावीस दिवस घ्यावी लागतात.

समुपदेशक बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग चाचणी कसली, रिपोर्ट गुप्त कसा राहतो हे सांगून माझी संमती घेतली. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. मग त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि मी माझा आकड्यांचा पाढा म्हणायला लागलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ते ठीक आहे. त्या कशा आहेत?"

मला वाटलं त्या तिच्या चारित्र्याबद्दल विचारताहेत. म्हणालो, "चांगली आहे हो, शिकलेली आहे, नोकरी करते."

"तसं नाही. त्यांना बरं वाटतंय ना? त्यांनी गोळी घेतली का? त्यांची चाचणी करायची त्यांची तयारी आहे का?"

तीनपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं. मी बाहेर जिन्यात जाऊन तिला फोन लावला. मनात वाक्य तयार होतं, आणि मी ते तसंच बोललो: "डॉक्टर विचारताहेत, तुझा एचआयव्हीचा रिपोर्ट आहे का?"

डॉक्टर विचारत नव्हते. मी विचारत होतो.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आहे. अकरा महिन्यांपूर्वीचा. आधीचं नातं संपलं तेव्हा केला होता. पाठवते. तुझा कधीचा आहे?"

"आज करतोय."

"त्याच्या आधीचा?"

"नाही केलेला कधी."

"म्हणजे शनिवारी मला काही झालं असेल का, हे तुला माहीत नव्हतं."

मी काहीतरी पुटपुटलो. ती पुढे म्हणाली, "काल तुला मेसेज केला होता, मेडिकलमध्ये जाऊन आले म्हणून. तू अंगठा पाठवलास. कशाला गेले होते असं वाटलं तुला?"

काहीच वाटलं नव्हतं. सर्दीची गोळी वगैरे असेल. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळीलाही बहात्तर तासांचीच मुदत असते, तीही जितकी लवकर घेऊ तितकी जास्त उपयोगी. एकाच रात्रीतून एकाच क्षणी दोन घड्याळं सुरू झाली होती. माझं मी मिनिटामिनिटानं बघत होतो. तिचं दुसरं घड्याळ आहे हेही माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ती रविवारी सकाळी एकटी दुकानात गेली, काउंटरवरच्या माणसाची नजर झेलली, गोळी घेतली, आणि मला कळवलं. मी अंगठा पाठवला.

तिनं अर्धी रजा टाकून दुपारीच चाचणी केली. डॉक्टर म्हणाले होते, त्यांचा रिपोर्ट आज येत असेल तर थांबू, नाहीतर पहिली गोळी आजच सुरू करू. संध्याकाळी दोघांचेही रिपोर्ट आले, निगेटिव्ह. सगळं विचारून झाल्यावर डॉक्टरांनी औषधाची गरज नाही असं ठरवलं. लागण झाल्यावर ती चाचणीत दिसायला काही आठवडे जातात, म्हणून मला सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी पुन्हा यायला सांगितलं.

*

आमच्या कामात एखादी यंत्रणा कोसळली की नंतर एक टिपण लिहितात. काय झालं, कधी कळलं, कुठली तटबंदी अपुरी पडली, पुढे काय बदलायचं. त्याचा नियम असा, की कुणाचंही नाव घेऊन दोष द्यायचा नाही. माणसं चुकणारच, हे गृहीत धरून व्यवस्था सुधारायची. मला हा नियम आवडतो. त्या आठवड्यात मी असं एक टिपण खरंच लिहिलं.

तांत्रिक भाग सोपा होता. कंडोम निसटण्याची कारणं ठरलेली आहेत: माप सैल असणं, नीट शेवटपर्यंत न चढवणं, ताठरता कमी झाल्यावरही लगेच बाहेर न पडणं, बाहेर पडताना कडा बोटांनी धरून न ठेवणं. आमच्याकडून शेवटची दोन्ही झाली. पाकिटातल्या कागदावर हे सगळं चित्रांसकट छापलेलं असतं. तो कागद मी आयुष्यात एकदाही उलगडला नव्हता. कंडोम अगदी बिनचूक वापरला तर वर्षभरात शंभरातल्या दोन जोडप्यांत गर्भ राहतो आणि लोक प्रत्यक्षात वापरतात तसा वापरला तर तेरा. हा दोन आणि तेराचा फरक रबरात नाही, माणसांत आहे.

पण टिपणातल्या 'काय बदलायचं' या रकान्याशी मी अडलो. कडा धरायची, माप बघायचं, हे लिहिलं. मग ध्यानात आलं, की निसटणं ही त्यातली सगळ्यात क्षम्य गोष्ट होती. ते दोघांच्या हातून झालं, अजाणता झालं. त्याबद्दल कुणाला दोष देण्यात अर्थ नाही. पण त्यानंतरचे चौतीस तास अपघात नव्हते. माझ्या सगळ्या गुणाकारात संकटात सापडलेला माणूस एकच होता, मी. ती त्या हिशेबात होती, पण पाचशेत एक या रूपात, धोक्याचा उगम म्हणून.

म्हणून मी उलटा हिशेब केला. मी बाधित असतो तर तिला लागण होण्याची शक्यता किती? बाईच्या बाबतीत तो आकडा दहा हजारांत आठ आहे, पुरुषाच्या दुप्पट. म्हणजे माझी कधीच चाचणी झालेली नाही हे धरून, तिचा धोका सव्वासहा लाखांत एक. वर गर्भाची काळजी तिची एकटीची. दोघांपैकी जास्त घाबरायचा अधिकार कुणाला असेल तर तो तिला होता, आणि ती त्या दिवशी शांतपणे रजेचा अर्ज भरत होती.

यावर कुणी म्हणेल, घाबरलेला माणूस आधी स्वतःचाच विचार करतो, त्यात अनैतिक काय? मला हा आक्षेप बराचसा मान्य आहे. बुडताना कुणी दुसऱ्याच्या पोहण्याची चौकशी करत नाही. शनिवारच्या रात्रीबद्दल मी स्वतःला माफ करू शकतो. पण रविवार अख्खा मोकळा होता. पहिला विचार माणसाच्या ताब्यात नसेल, विसावा तर असतो. दोष न देण्याचा आमचा नियम माणसाला भीतीतून मोकळं करण्यासाठी आहे, म्हणजे तो खरं सांगेल. त्याचा अर्थ कुणी कुणाला उत्तर द्यायला बांधील नाही असा होत नाही. मी तो नियम नेमका तसा वापरत होतो.

आणि रिपोर्ट मागणं? ते चूक आहे असं मला आजही वाटत नाही. उलट ते शनिवारच्या आधी व्हायला हवं होतं, दोन्ही बाजूंनी. मी ज्या पद्धतीनं मागितला त्यात गोम होती. माझा रिपोर्ट नसताना मी निर्दोष होतो आणि तिला मात्र पुरावा द्यायचा होता. तिच्याकडे पुरावा होता, माझ्याकडे फक्त स्वतःबद्दलचं चांगलं मत. आपल्याकडे 'पॉझिटिव्ह' माणसाला घाबरतात. पण जो नियमित औषध घेतो आणि ज्याच्या रक्तातला विषाणू चाचणीत दिसेनासा होऊन तसाच राहिला आहे, त्याच्याकडून शरीरसंबंधातून लागण होत नाही. युरोपातल्या 'पार्टनर' या अभ्यासात अशा जोडप्यांच्या हजारो विनाकंडोम संबंधांनंतर जोडीदाराकडून झालेली एकही लागण सापडली नाही. म्हणजे आपली अवस्था जाणून औषध घेणारा माणूस माझ्यापेक्षा सुरक्षित होता. घाबरावं असं कुणी असेल तर तो न तपासलेला माणूस, आणि त्या खोलीत तसा एकच होता.

*

१९७६ मध्ये बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगल या दोन तत्त्वज्ञांनी 'नैतिक नशीब' या प्रश्नावर निबंध लिहिले. नेगलचं म्हणणं थोडक्यात असं: दोन ड्रायव्हर सारखेच निष्काळजी, दोघांनीही ब्रेक तपासलेले नाहीत. एकाच्या गाडीसमोर मूल येतं, दुसऱ्याच्या येत नाही. पहिल्याला आपण आयुष्यभर दोषी धरतो, दुसरा घरी जाऊन जेवतो. दोघांनी केलं तेवढंच, मग दोष वेगळा का?

निगेटिव्ह रिपोर्ट हातात आल्यावर मी त्या दुसऱ्या ड्रायव्हरसारखा घरी जाऊन जेवलो. सुटलो, असंच वाटलं. पण त्या कागदानं एवढंच सांगितलं होतं, की समोर मूल आलं नाही. मी ब्रेक तपासले होते की नव्हते यावर त्यात एक अक्षर नव्हतं. आणि उलटही खरं आहे. गल्लीतल्या काकांच्या समोर मूल आलं. त्यांच्याइतकेच बेफिकीर असलेले कितीतरी पुरुष त्या वेळी आमच्याच गल्लीत हळदीकुंकवाच्या पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडत असतील. त्यांच्या घरातले कप कुणी वेगळे घासले नाहीत. आपण रोगाला चारित्र्याची परीक्षा समजतो, तेव्हा खरं तर नशिबालाच गुण देत असतो.

*

पाचव्या आठवड्यात ऑफिसात रक्तदान शिबिर होतं. माझा रक्तगट ओ निगेटिव्ह, त्यामुळे मला दरवर्षी आग्रहाचं बोलावणं असतं. कँटीनमध्ये टेबलं मांडलेली, फॉर्म भरताना शेजारी टीममधले लोक. फॉर्मवर हे सगळे प्रश्न असतात.

तिचा रिपोर्ट निगेटिव्ह होता. माझा पहिला निगेटिव्ह होता. धोका आता साडेबारा लाखांतही मोजण्याजोगा राहिला नव्हता. पण माझी सहा आठवड्यांची चाचणी व्हायची होती, आणि बाधित रक्त चढवलं तर लागण होण्याची शक्यता शंभरात नव्वदहून जास्त असते. रक्तपेढीत प्रत्येक पिशवी एचआयव्हीसाठी तपासली जातेच, पण ज्या दिवसांत लागण चाचणीला दिसत नाही त्या दिवसांचं काय, हाच तर प्रश्न असतो. स्वतःसाठी मी कितीही लहान आकडा पत्करू शकतो. ज्याला मी ओळखत नाही आणि जो नाही म्हणू शकत नाही, त्याच्यासाठी तो पत्करायचा अधिकार मला कुणी दिला? मी रक्त दिलं नाही. मनात एकदा असंही आलं होतं, की देऊन टाकावं, ते तपासतीलच, त्या खोलीत पुन्हा जायला नको. हा विचार आल्याचं इथे नोंदवून ठेवतो.

रक्त न देणं बरोबर होतं. पण मी म्हणालो, "अँटिबायोटिक चालू आहे." कुणाचंही नुकसान न करणारं खोटं. मला कारण सांगायची सक्ती नव्हती, "या वेळी नको" एवढं पुरलं असतं. तरी मी खोटं बोललो, कारण गप्प राहिलो असतो तर कुणीतरी काहीतरी समजलं असतं. म्हणजे आईनं वेगळा ठेवलेला कप मी अजून वेगळाच ठेवत होतो.

अशा वेळी मला र. धों. कर्वे आठवतात. ते गणिताचे प्राध्यापक होते हे आपण विसरतो. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली, १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालवलं, अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते, आणि तो खटला ते हरले. आकडे मलाही येतात. पण कर्व्यांना दुसरंही येत होतं: या गोष्टी उजेडात, नाव लावून, साध्या भाषेत बोलणं. शंभर वर्षांनी, त्याच भाषेत, मी कँटीनमध्ये अँटिबायोटिक म्हणालो.

*

तीन महिन्यांची चाचणी झाली. निगेटिव्ह. समुपदेशक बाई म्हणाल्या, "चला. आता दर वर्षी येत जा, घाबरून नको, सवय म्हणून." मी बाहेर येऊन त्याच जिन्यात उभा राहिलो आणि तिला मेसेज केला. आम्ही अजून भेटत होतो, पण आधीसारखे नाही. लिहिलं, "शेवटचा रिपोर्ट आला. निगेटिव्ह. सुटलो."

थोड्या वेळानं तिचं उत्तर आलं. "छान. माझाही मागच्या आठवड्यात आला. तोही निगेटिव्ह. तू विचारलं नाहीस म्हणून सांगितलं नव्हतं."

हे सगळं लिहायला मी त्याच रात्री बसलो. त्याआधी तिला फोन केला. या वेळी विचारायचं वाक्य आधी तयार केलं नव्हतं.